शिंगे साळल्याशिवाय हिंगूळ नाही

वरणगावच्या शिवारात वर्षानुवर्षे उन्हात उभा असलेला एखादा जुना लाल ट्रॅक्टर गाठा आणि त्याच्या बोनेटवरून बोट फिरवा. मे महिना असेल तर हे सकाळीच करा. दुपारी या भुसावळ पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि बोनेटचा पत्रा भाकरीच्या तव्याशी स्पर्धा करतो. बोट उचलून पाहिलेत तर त्याला फिक्कट गुलाबी पूड लागलेली दिसेल. ती धूळ नाही. इथली धूळ काळसर असते. ती पूड म्हणजे ट्रॅक्टरचा रंगच आहे.

रंगात मुख्यतः दोन गोष्टी असतात. एक रंगद्रव्य, म्हणजे डोळ्यांना दिसणारी बारीक पूड. दुसरी म्हणजे ती पूड एकत्र धरून पत्र्याला चिकटवणारी राळ. उन्हातले अतिनील किरण या राळेचे धागे तोडत राहतात. धरणारा हात सैल पडला की पूड सुटी होते. जुन्या चुन्याच्या भिंतीला टेकून बसल्यावर सदऱ्याची पाठ पांढरी होते, तसेच हे. उन्हाने ट्रॅक्टरचा लाल फिका पडतो हे अर्धेच सत्य आहे. रंगाची मूठ सुटते, हे उरलेले अर्धे.

मग एखाद्या वर्षी घरात ठरते : यंदा दसऱ्याला ट्रॅक्टर नवा दिसला पाहिजे. डबा येतो, ब्रश येतो, एका रविवारी सगळे उरकते. खंडेनवमीला झेंडूचा हार घातलेला ट्रॅक्टर खरोखर नवरदेवासारखा दिसतो. पुढच्या पावसाळ्यात मडगार्डच्या कडेला फोड येतात आणि त्यापुढच्या उन्हाळ्यात नखाने उचलले तर रंगाचे पापुद्रे निघतात. दोष डब्याला दिला जातो, दुकानदाराला दिला जातो. खरे तर जे घर हे करते, त्याच घराला रंगाचा पहिला नियम कित्येक पिढ्या ठाऊक असतो. पोळ्याला बैलाच्या शिंगांना कोणी थेट हिंगूळ फासत नाही. आधी शिंगे साळतात. वरचा खरबरीत, सुटलेला थर काढून खालचे निकोर शिंग उघडे करतात आणि मगच रंग चढवतात. बैलाच्या बाबतीत पाळलेला नियम ट्रॅक्टरच्या बाबतीत आपण विसरतो. हे प्रकरण त्या विसरलेल्या नियमाचे आहे.

गंज आणि गेरू

लोखंड गंजते म्हणजे ते हवेतल्या ऑक्सिजनशी आणि पाण्याशी संयोग पावून लोहाचे ऑक्साइड बनते. गंमत अशी की घराच्या भिंतीला आणि तुळशीवृंदावनाला लावायचा गेरू, पोळ्याला बैलाच्या अंगावर उठवायचे ठिपके, आणि हार्डवेअरच्या दुकानात डब्यात मिळणारा तांबूस ‘रेड ऑक्साइड’, या सगळ्यांच्या मुळाशीही लोहाचे ऑक्साइडच असते. म्हणजे गंज आणि गंजावरचे अस्तर एकाच घराण्यातले. मग एक शत्रू आणि दुसरा मित्र कसा?

फरक आहे तो बसण्याच्या पद्धतीत. गंज पत्र्यावर पापुद्र्यांनी, भेगाळून बसतो. मूळ लोखंडापेक्षा त्याला कितीतरी अधिक जागा लागते, म्हणून तो वरच्या रंगाला खालून ढकलतो. त्याच्या भेगांत पाणी मुरते आणि खालचे लोखंड खाण्याचे काम चालूच राहते. अस्तरातले ऑक्साइड मात्र बारीक दळलेले, राळेत घट्ट बांधलेले असते. ज्याचे गंजायचे ते गंजून झाले आहे, असे ते लोखंड. त्यामुळे ते शांत असते. यातून नवशिक्याने एकच गोष्ट लक्षात ठेवायची : रंगाचे काम शोभेचे नंतर, आधी आडोशाचे. लोखंड एका बाजूला, पाणी आणि हवा दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये जेमतेम माणसाच्या केसाएवढ्या जाडीचा पडदा. तो पडदा सुट्या गंजावर टांगला तर गंजाबरोबरच गळून पडणार.

समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर असताना खानदेशातले मडगार्ड एवढे का सडतात, हाही प्रश्न विचारण्यासारखा आहे. समुद्राची हवा लोखंड खाते ती त्यातल्या क्लोराइडमुळे. इथल्या केळीला पोटॅश भरपूर लागते, आणि शेतकरी ज्याला नुसते ‘पोटॅश’ म्हणतो ते म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. मिठाचा हा सख्खा भाऊ फाटक्या गोणीतून ट्रॉलीत, मडगार्डवर, पाय ठेवायच्या पत्र्यावर सांडतो. त्यावर काळ्या मातीचा लगदा बसतो. ही माती ओल सोडायला तयार नसते. मीठ, ओल आणि लोखंड असे त्रिकूट जमले की समुद्राची गरज उरत नाही. पत्रा घासून लखलखीत केला, पण क्षार धुतले नाहीत, तर नव्या रंगाखाली तेच क्षार ओल ओढून घेतात आणि फोड येतात. म्हणून घासण्याआधी पाणी. हा क्रम उलटा चालत नाही.

लाल रंग आला कुठून

सुरुवातीचे बरेच ट्रॅक्टर रंगाच्या बाबतीत निरुत्साही होते. अमेरिकेतली इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनी आपले ट्रॅक्टर करड्या रंगात विकत असे. १९२९ मध्ये अ‍ॅलिस-चामर्स या तिथल्याच कंपनीने भडक नारिंगी धरला, आणि दूरच्या शेतात उभे असलेले यंत्र कोणाचे आहे हे रस्त्यावरूनच कळू लागले. १९३६ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरनेही करडा सोडून लाल घेतला. हॅरी फर्ग्युसन यांनी १९३३ मध्ये बनवलेला पहिला नमुना काळा होता; पुढे त्यांचा गाजलेला छोटा ट्रॅक्टर करडा झाला. म्हणजे रंग ही यंत्राची जाहिरातही होती आणि जातकुळीही.

भारतात बनलेला पहिला ट्रॅक्टर १९५९ मध्ये फरिदाबादला आयशरच्या कारखान्यातून बाहेर पडला. त्यानंतर चेन्नईत टॅफेने मॅसी फर्ग्युसन बनवायला घेतला. १९६३ मध्ये महिंद्र अँड महिंद्र आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांच्या भागीदारीतून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया उभी राहिली आणि मुंबईच्या कांदिवलीत बी-२७५ हे ब्रिटिश घडणीचे मॉडेल बनू लागले. ही कंपनी १९७७ मध्ये महिंद्रात विलीन झाली, पण लाल रंग तसाच राहिला. एस्कॉर्ट्सने फोर्डशी हात मिळवले तेव्हा निळा आला. मोहालीचा स्वराज १९७४ मध्ये पूर्ण देशी आराखड्यावर अवतरला. खानदेशातल्या एखाद्या खळ्यात उभा असलेला जुना बी-२७५ पाहताना म्हणून हे आठवावे की तो लाल इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या शिकागोहून इंग्लंडमार्गे कांदिवलीला आणि तिथून तापीकाठी आलेला आहे.

हा इतिहास नवशिक्याच्या कामाचा आहे, कारण नुसता ‘लाल’ मागून चालत नाही. एकाच कंपनीचा लालही काळानुसार बदललेला असतो. दुकानात फिका पडलेला बोनेटचा तुकडा नेलात तर दुकानदार फिका रंगच जुळवून देईल. त्याऐवजी उन्ह न पोहोचलेली जागा शोधा : टूलबॉक्सच्या झाकणाची आतली बाजू, बॅटरीच्या पेटीमागचा पत्रा, नाहीतर मडगार्डवर बसवलेल्या दिव्याच्या पट्टीखालचा भाग. तिथे ट्रॅक्टरचे तरुणपण जपलेले सापडते. तो भाग घेऊन शेड जुळवून घ्या.

रंगच बदलायचा विचार असेल तर मात्र थांबा. आरसी बुकात रंगाची नोंद असते. तो बदलायचा तर आधी आरटीओकडे रीतसर नोंद करावी लागते. एक रंग तर कोणत्याही परिस्थितीत चालत नाही. वरणगावकरांना तो चांगला ओळखीचा आहे, कारण साठच्या दशकापासून गावालगत दारूगोळ्याची ऑर्डनन्स फॅक्टरी आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२१ वा नियम सांगतो की ऑलिव्ह ग्रीन हा लष्करी हिरवा संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज कोणी वापरायचा नाही.

आधी गळती, मग आंघोळ

जुन्या ट्रॅक्टरच्या बाजारात मुरलेला गिऱ्हाईक ताजा रंग पाहून खूश होत नाही, सावध होतो. तो वाकून इंजिनच्या पोटाखाली पाहतो. रंगाने हॉर्सपॉवर वाढत नाही, आणि गळके ऑइल सील तर रंगाने मुळीच झाकत नाही; दोन महिन्यांत तिथला रंग तेलाने फुगून सुटतो. म्हणून रंगाच्या आधी मेकॅनिक. टॅपेट कव्हरचे पॅकिंग, हायड्रॉलिकचे पाइप, मागच्या एक्सलचे सील, डिझेलची नळी : जे पाझरते ते आधी कोरडे करून घ्या.

त्यानंतर धुणे. बॅटरीची निगेटिव्ह केबल आधी काढा, मग पॉझिटिव्ह, आणि बॅटरी बाहेर. एअर क्लीनरचे तोंड, सायलेन्सरचे तोंड, डायनमो आणि सेल्फ प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी घट्ट बांधा. इंजिन थंड असू द्या; तापलेल्या बिडावर गार पाणी मारले तर तडा जाऊ शकतो. ग्रीसचे थर आधी पत्तीने खरवडा, मग डिझेल आणि ब्रशने सैल करा. पण डिझेलवर थांबू नका, कारण ते स्वतःच तेलकट थर मागे ठेवते. त्यावर साबणाचे पाणी, मग प्रेशरचे भरपूर स्वच्छ पाणी. मडगार्डच्या दुमडीत, पाय ठेवायच्या पत्र्याखाली, रेडिएटरच्या जाळीमागे चिखल लपलेला असतो. पोटॅशही तिथेच असते. एक पूर्ण दिवस उन्हात वाळू द्या.

बोनेट, जाळी, मडगार्ड, दिवे सुटे करणे नवशिक्यालाही जमते, फक्त घाई नको. प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. नटबोल्ट एकाच घमेल्यात टाकण्याचा मोह सगळ्यांना होतो आणि सगळेच नंतर पस्तावतात; वेगवेगळे डबे ठेवा आणि वर चिठ्ठी लावा. मागची चाके मात्र उतरवू नका. पकड वाढावी म्हणून अनेकांनी मागच्या टायरांत पाणी भरलेले असते आणि त्या चाकाचे वजन अंगावर आले तर सावरता येत नाही. चाक जागेवर ठेवूनच रिम रंगवण्याची सोपी युक्ती आहे : पत्त्यांचा जुना कॅट घ्या आणि रिम व टायरच्या फटीत एकेक पत्ता खोचत गोल पूर्ण करा. रंग पत्त्यांवर पडतो, टायर कोरा राहतो.

साळणे

आता शिंगे साळायची वेळ. पहिली तपासणी नखाची. जुना रंग जिथे घट्ट आहे, तिथे तो पूर्ण काढायची गरज नाही. तो चांगले अस्तरच आहे, त्याला फक्त खरबरीत करायचे. जिथे फोड आहेत, पापुद्रे आहेत, तिथे निकोर पत्रा लागेपर्यंत जायचे. जाड गंजाला तारेचा ब्रश किंवा ग्राइंडरवरचा कप ब्रश. कप ब्रशच्या तारा सुटून गोळीसारख्या उडतात, त्यामुळे डोळ्यांवर चष्मा हवाच. ग्राइंडरच्या ठिणग्या डिझेल टाकीपासून आणि बॅटरीपासून लांब ठेवा.

त्यानंतर पॉलिश पेपर. आधी ८० नंबर, मग १२०, मग २२०. नंबर वाढला की दाणा बारीक होतो. थेट बारीक कागदाने सुरुवात केली तर हात दुखतात आणि गंज हसतो. थेट ८० वर थांबलात तर त्याचे ओरखडे रंगातून डोकावतात. जुना रंग आणि नव्या पत्र्याची सीमा बोटाला जाणवेनाशी होईपर्यंत उतरती करायची. नाहीतर चकाकत्या रंगाखाली ती पायरीसारखी दिसते. डोळे मिटून तळवा फिरवा. तळव्याला जे कळते ते डोळ्याला रंग लावल्यानंतर कळते, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

जुन्या रंगांत, विशेषतः लाल, नारिंगी आणि पिवळ्यात, शिसे असण्याची शक्यता असते. भारतात घरगुती आणि सजावटी रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा घालणारे नियम २०१६ मध्ये आले आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले; यंत्रांवरचे रंग त्यात येत नाहीत आणि जुना ट्रॅक्टर तर त्याआधीचा. म्हणून जुना रंग सुका घासून धूळ उडवू नका. वॉटर पेपर पाण्यात भिजवून घासा, चिखल पुसून घ्या, आणि हे काम गोठ्याजवळ, चाऱ्याजवळ किंवा खेळणाऱ्या पोरांजवळ करू नका.

पत्र्याच्या खड्ड्यांत, छिद्रांत उरलेल्या गंजासाठी फॉस्फोरिक आम्ल असलेला गंजनाशक मिळतो. तो गंजाचे रूपांतर लोहाच्या फॉस्फेटमध्ये करतो. काळपट-करडा थर दिसतो आणि तो अस्तराला धरून ठेवतो. डब्यावर लिहिलेली वेळ पाळा, हातमोजे घाला. ओला वॉटर पेपर वापरलेला पत्रा लगेच कोरडा करा, कारण उघडे लोखंड एका ओल्या रात्रीतसुद्धा तांबूस पडते. साळलेला पत्रा त्याच दिवशी अस्तराखाली गेला पाहिजे.

खड्डे पुट्टीने भरतात. जुने पेंटर तिला लांबी म्हणतात. ट्यूबमधले हार्डनर पुट्टीच्या शंभर भागांना साधारण दोन भाग एवढेच लागते. खानदेशच्या उन्हात ती हातातच घट्ट होऊ लागते, त्यामुळे लिंबाएवढा गोळा कालवा, लावा, मग पुढचा. हातोडीने पत्रा शक्य तेवढा आधी सरळ करा; पुट्टी ही पिचकलेला पत्रा दडवण्याची गोधडी नव्हे. जाड थर ट्रॅक्टरच्या थरथरीने तडकतो.

अस्तर, आणि डब्यात काय आहे

अस्तर देण्याआधी थिनरमध्ये भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने पत्रा पुसा आणि त्यानंतर उघड्या हाताने शिवू नका. बोटाचे तेल आपल्याला दिसत नाही, रंगाला दिसते. साध्या कामाला रेड ऑक्साइडचे अस्तर पुरते. अधिक टिकाऊ हवे असेल तर दोन डब्यांचे एपॉक्सी अस्तर चांगले, त्यात सांगितलेल्या प्रमाणातच हार्डनर घालायचा. अस्तर वाळले की ४०० नंबरच्या वॉटर पेपरने हलका हात फिरवा.

वरच्या रंगाच्या बाबतीत नवशिक्यासमोर तीन प्रकार येतात, आणि तिन्हींचे वाळण्याचे स्वभाव वेगळे.

पहिला सिंथेटिक इनॅमल. याच्या राळेत अळशीसारख्या तेलांची आम्ले गुंफलेली असतात. थिनर उडून जातो, मग ही राळ हवेतला ऑक्सिजन घेऊन स्वतःचे जाळे विणते. म्हणून तो काही तासांत वरून सुकला तरी कडक व्हायला पूर्ण रात्र आणि खरे मुरायला काही दिवस घेतो. ब्रशनेही लावता येतो, चुका पोटात घालतो, खिशाला परवडतो. नवशिक्याचा रंग हाच.

दुसरा एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज. गॅरेजमध्ये त्याला अजून ‘ड्युको’ म्हणतात. ते मुळात अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीचे नाव. १९२० च्या दशकात या रंगाने मोटारींचे कित्येक दिवसांचे रंगकाम तासांवर आणले. तो फक्त थिनर उडून वाळतो, त्यामुळे त्यावर पुन्हा थिनर पडला की विरघळतो. तिसरा दोन डब्यांचा पॉलियुरेथेन. चमक आणि टिकाऊपणा सर्वांत चांगला. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते, त्याच्या फवाऱ्यामुळे कायमचा दमा जडू शकतो. बाहेरची स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा नसेल तर तो व्यावसायिक पेंटरवरच सोपवा.

जुन्या रंगाची जात ओळखण्याची युक्ती सोपी आहे. कापसाचा बोळा एनसी थिनरमध्ये भिजवून कोपऱ्यात घासा. रंग बोळ्यावर उतरला तर तो एनसी. सुरकुत्या पडून उचलला गेला तर इनॅमल. काहीच झाले नाही तर भट्टीत भाजलेला कंपनीचा रंग किंवा पॉलियुरेथेन. इनॅमलवर एनसी मारला तर हाच सुरकुत्यांचा खेळ अख्ख्या बोनेटवर होतो. म्हणून रंग आणि त्याचाच थिनर, ही जोडी मोडायची नाही.

रंग किती आणायचा? पत्र्याचे क्षेत्रफळ मोजा. समजा बोनेट, मडगार्ड, जाळी मिळून ६ चौरस मीटर भरले. एक लिटर इनॅमल एका हाताला साधारण १० चौरस मीटर जातो. दोन हातांना सव्वा लिटर झाले, पण फवारणीत निम्म्यापर्यंत रंग हवेत जातो. म्हणजे अडीच, वर थोडा राखून तीन लिटर. सगळे डबे एकदम घ्या आणि एका बादलीत एकत्र ढवळा, म्हणजे दोन डब्यांतल्या छटांचा फरक बोनेटवर येत नाही.

मुहूर्त आणि फवारणी

खानदेशात रंगाचा मुहूर्त पंचांगात नाही, थर्मामीटरमध्ये पाहावा. मे महिन्यात फवाऱ्याचा थेंब बंदुकीतून निघून पत्र्यावर पोहोचेपर्यंत त्यातला थिनर उडून जातो; थेंब पसरायच्या ऐवजी दाण्यासारखा बसतो आणि पृष्ठभाग पॉलिश पेपरसारखा लागतो. शिवाय दुपारी वावटळ कधी उठेल याचा नेम नाही. पावसाळ्यात ओल आडवी येते. रब्बीची पेरणी आटोपून ट्रॅक्टरला थोडी उसंत मिळते ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे दिवस उत्तम. त्यातही पहाटे नको : रात्रभर उघड्या आभाळाखाली पत्रा हवेपेक्षाही गार होतो आणि त्यावर दव धरते. दहाच्या सुमाराला सुरू करा, तीनपर्यंत संपवा, म्हणजे संध्याकाळच्या दवाआधी रंगाची वरची साय धरलेली असेल. पत्र्यावर तळवा निवांत टेकवता आला तर तो रंगायला तयार.

जागा सावलीची, पण हवेशीर. जमिनीवर पाणी शिंपडा, धूळ बसते. कॉम्प्रेसरच्या नळीत पाणी अडवणारा फिल्टर हवा. रंग पातळ किती करायचा हे चार नंबरच्या फोर्ड कपने कळते : भरलेला कप खालच्या छिद्रातून २० ते २५ सेकंदांत रिकामा झाला की फवारणीजोगा. नंतर बारीक जाळीतून गाळा.

पहिली फवारणी बोनेटवर करू नका. एखादा टाकाऊ पत्रा उभा करा, मग बॅटरीची पेटी, मग मडगार्डची आतली बाजू, आणि हात बसल्यावर शेवटी बोनेट. बंदूक पत्र्यापासून वीतभर अंतरावर, म्हणजे १५ ते २० सेंटीमीटर, आणि हवेचा दाब ३० ते ४५ पीएसआय. मनगट झाडू मारल्यासारखे गोल फिरवायचे नाही; तसे केले की मध्ये रंग जाड आणि कडेला विरळ पडतो. पूर्ण हात पत्र्याशी समांतर सरकवायचा. पत्रा सुरू व्हायच्या आधी खटका दाबायचा, संपल्यावर सोडायचा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवायचा, जसे नांगरताना तास सोडून चालत नाही तसे. पहिला हात नुसता विरळ धुक्यासारखा. पत्रा पूर्ण झाकायची घाई नको. तो चिकट झाला की दुसरा, ओला हात. इनॅमलचा शेवटचा हात रात्रभर थांबून दुसऱ्या दिवशी.

इंजिन, गिअरबॉक्स, एक्सल यांना ब्रश चालतो, उलट खाचाखोचांत तोच बरा पोहोचतो. सायलेन्सरला साधा रंग एका दिवसात जळतो. त्याला उष्णतारोधक वेगळा रंग मिळतो. रेडिएटरच्या पापण्यांवर रंग जाड बसला तर उष्णता बाहेर पडायला अडते. ग्रीस निपल, रबरी नळ्या, हायड्रॉलिकचे चकचकीत दांडे आणि चासी-इंजिनचे कोरलेले नंबर चिकटपट्टीने झाका. नंबर रंगाखाली बुजला तर पासिंगच्या वेळी कटकट होते.

नाक, आग आणि चुका

तोंडाला बांधलेला रुमाल धूळ थोडीफार अडवतो. थिनरची वाफ त्यातून सहज जाते. कोळशाच्या गाळणीचा मुखवटा घ्या. ही वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत साचते आणि लांबच्या चुलीपर्यंत, बिडीपर्यंत सरपटत जाते. बंद गोदामात फवारणी नको, कॉम्प्रेसर वारा येतो त्या बाजूला दूर. तेलकट रंगाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ऑक्सिजन घेतात तेव्हा ती आतून तापतात आणि आपोआप पेटू शकतात. पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

एवढे करूनही चुका होतील. प्रत्येक चूक आपले कारण सांगते. ओघळ आले : हात सावकाश चालला किंवा रंग फार पातळ झाला. संत्र्याच्या सालीसारखी खाच पडली : रंग जाड, दाब कमी किंवा बंदूक लांब. मासोळीच्या डोळ्यासारखे गोल खड्डे : खाली तेल राहिले, रंग त्यापासून आक्रसला. हाताला खरखर : हवा फार तापली होती. नवशिक्याची सर्वांत मोठी चूक मात्र यांतली एकही नसते. ओला ओघळ बोटाने पुसायला जाणे, ती असते. थांबा. पूर्ण कडक होऊ द्या, ६०० नंबरच्या वॉटर पेपरने सपाट करा, पुन्हा हलका हात द्या. रंगात दुरुस्ती नेहमी उद्या करायची असते.

स्टिकर आठवडाभराने, साबणाच्या पाण्यावर सरकवत लावा. आतली वाफ निघून गेली नसेल तर त्याखाली फुगे येतात. मागच्या मडगार्डला आणि ट्रॉलीला लाल रिफ्लेक्टर विसरू नका. रात्री हायवेवर केळीची ट्रॉली ओढताना नवा लाल रंग काळाच दिसतो; मागच्याला दिसतो तो रिफ्लेक्टर.

हिशेब मांडला तर प्रत्यक्ष रंग उडवायला अर्धा दिवसही लागत नाही. धुणे, साळणे, भरणे, झाकणे यांत आठवडा जातो. शिंगांचेही तसेच असते : हिंगूळ चढवायला थोडाच वेळ, साळायला मात्र बैलाला कोणीतरी धरून ठेवावे लागते. पोळ्याचा रंग पावसाच्या एखाद्या सरीत ओघळून गेला तरी कोणाला वाईट वाटत नाही, कारण पुढच्या पोळ्याला तो पुन्हा लावायचाच असतो. ट्रॅक्टरचा रंग तेवढा उदार नाही. दोन उन्हाळे गेल्यावर एखाद्या सकाळी त्याच बोनेटवरून पुन्हा बोट फिरवा. ते स्वच्छ निघाले तर डबा चांगला होताच, पण पत्रा त्याहून चांगला साळलेला होता.